परदेशी जाणाऱ्याच्या बॅगेत आपलं पार्सल टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्या जळगाव-धुळ्याकडचे बरेच आईवडील पोरांकडे परदेशात जायला निघतात, कोणाच्या लेकीचं तिकडे बाळंतपण असतं तर कोणाला नातू पाहायचा असतो, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मी पाचोऱ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. मागच्या मे महिन्यात मी आणि आमचे हे मेलबर्नला लेकीकडे गेलो, तिचं पहिलंच बाळंतपण होतं. त्या प्रवासात जे झालं ते दुसऱ्या कोणाचं होऊ नये एवढंच वाटतं.

तिकिटावर माणशी तीस किलो लिहिलेलं होतं. तीस म्हटल्यावर आपण तीस भरणारच, ते आपल्या रक्तातच आहे. ज्वारीच्या बिबड्या म्हणजे आमचे खान्देशी पापड, उडदाचे पापड, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, शेंगदाणे, धने, घरच्या वाळवलेल्या लाल मिरच्या, तूरडाळ, डिंक, आळीव, पेढे, असं करत करत दोन मोठ्या बॅगा भरल्या. लेक फोनवर रोज सांगायची, मम्मी तू फक्त ये, इथं सगळं मिळतं. मी ऐकलं नाही. मला वाटायचं ती मला त्रास नको म्हणून म्हणते आहे, आणि बाळंतिणीला हातचं काही न नेता कसं जायचं, चार बाया काय म्हणतील.

त्यात शेजारच्या ताई आल्या, हातात शिवलेली कापडी पिशवी. त्यांचा मुलगा सिडनीला. म्हणाल्या, "बाई, मना पोऱ्याले इतलंसं देजा." सिडनी आणि मेलबर्नमध्ये जवळपास नऊशे किलोमीटर अंतर आहे, म्हणजे जळगावहून मुंबईला जाऊन परत येण्याएवढं, पण आपल्याकडे ऑस्ट्रेलिया म्हटलं की सगळे एकाच गल्लीत राहतात असं वाटतं. नाही म्हणवलं नाही. पिशवी शिवलेली होती म्हणून उसवूनही पाहिली नाही, कसं पाहणार, अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्यांच्यानंतर अजून दोन घरांतून डबे आले तेही घेतले.

पाचोऱ्याला गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात दोन मोठ्या बॅगा, दोन हातातल्या आणि पाण्याची पिशवी डब्यात चढवायची, यांना शुगर, माझे गुडघे गेलेले. पुतण्या होता म्हणून जमलं नाहीतर एक बॅग फलाटावरच राहिली असती. पुढे उतरताना परत तेच, मग टॅक्सी, मग विमानतळावर ट्रॉली. तिथं काउंटरवर काटा चार किलो जास्त दाखवायला लागला. रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर मी खाली बसून बॅग उघडली आणि डबे काढून पुतण्याच्या हातात दिले. रात्रीचे बारा वाजलेले. मला त्या वेळी फार लाज वाटली आणि रडूही आलं, कारण जे काढलं त्यात ते कळण्याचं पीठ होतं, लेकीच्या आवडीचं, आणि शेजारच्यांची पिशवी मात्र बॅगेतच राहिली कारण ती दुसऱ्याची अमानत.

मेलबर्नला उतरायच्या आधी विमानात एक कार्ड भरायला देतात. खाण्याचं काही आहे का, बी-बियाणं आहे का, गेल्या तीस दिवसांत शेतात गेला होता का, असं सगळं त्यात विचारतात. आम्ही खाण्याला हो लिहिलं, शेतालाही हो लिहिलं. यांचे बूट लेकीनं सांगितलं म्हणून घरीच जुन्या ब्रशनं घासून तळव्यातली काळी माती काढली होती, तिथल्या अधिकाऱ्यानं उलटे करून पाहिले आणि लगेच परत दिले. बियाण्याला नाही लिहिलं. आमच्याकडे बियाणं नव्हतंच ना.

बॅगा उघडल्यावर शेंगदाणे, धने, मिरच्या, तूरडाळ सगळं बाजूला काढलं. मला वाटलं बाईमाणसाला बघून त्रास देताहेत, पण त्यांनी समजावून सांगितलं. साठवलेल्या धान्यात पडणारा एक किडा आहे, खापरा म्हणतात त्याला, मूळ आपल्याच भागातला. त्याची अळी खायला काही नसलं तरी वर्षानुवर्षं फटीत जिवंत राहते आणि एकदा गोदामात शिरली की तिला काढणं फार अवघड. त्यांचा देश गहू विकणारा, म्हणून २०२१ पासून त्यांनी प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, तूर, जिरे, धने, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या हे आणणं बंदच केलं आहे. आपल्याकडे खापर म्हटलं की त्यावर भाजलेले पुरणाचे मांडे डोळ्यासमोर येतात, आणि तिथं त्या नावाच्या किड्यासाठी एवढा बंदोबस्त. शेतकऱ्याच्या घरची आहे मी, ते ऐकल्यावर राग राहिला नाही. पेढे दुधाचे म्हणून गेले. बिबड्या मात्र पाकीट उघडून पाहिल्या आणि परत दिल्या, तेव्हा मला केवढा आनंद झाला सांगू.

मग ती शिवलेली पिशवी उसवली. आत चिवडा होता आणि चिवड्याच्या खाली कागदाच्या पुड्यांत गिलक्याचं, दुधीचं आणि मेथीचं बी. पोराच्या परसात लावायला दिलेलं. ताईंचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे, पण कार्डावर सही माझी, बॅग माझी आणि "बॅग तुम्हीच भरली का" याला हो म्हणणारी पण मीच. दुसऱ्यानं दिलं होतं हे तिथं उत्तर होत नाही. हजारो डॉलर दंड होऊ शकतो, आलेल्या पाहुण्याचा व्हिसाही रद्द होऊ शकतो, हे मला त्या बाकावर बसल्यावर कळलं. तासभर बसवून ठेवलं. लेक बाहेर नऊ महिन्यांचं पोट घेऊन उभी, तिला आत काय चाललंय माहीत नाही, फोन लावता येत नाही. बाकीचं सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं म्हणून समज देऊन सोडलं. तो तास मी आयुष्यात विसरणार नाही.

आणि शेवटी झालं काय, तर लेक म्हणाली तसंच. मेलबर्नच्याच डँडेनाँग भागात आपल्या लोकांची रांगेनं दुकानं आहेत, डिंक, खारीक, खोबरं, ज्वारीचं पीठ सगळं मिळालं. लाडू मी तिच्याच ओट्यावर वळले, ती बाजूला स्टुलावर बसून गरम गरम खात होती. इथून लाडू नेले असते तर हा सुखाचा प्रसंग आलाच नसता. जावयाला भाकरी थापायला शिकवली. माझ्या हातांचा उपयोग तिथं झाला, सामानाचा नाही.

कपड्यांचंही तसंच. इथं ४४ अंशात निघालो आणि तिथं मे म्हणजे थंडी सुरू, सकाळी आठ-नऊ अंश. सहा सुती साड्या नेल्या त्यातल्या चार घडी न मोडता परत आल्या. जाकीट लेकीचंच घातलं. घरात मशीन आहे, रोज धुतं, तीन ड्रेस आणि बारशासाठी एक चांगली साडी पुरे. जाड स्वेटर आणि जड बूट अंगावर घालूनच निघायचं, बॅगेत टाकायचे नाहीत. औषधं मात्र कमी करू नका, ती हातातल्या बॅगेत मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र सोबत घ्या, ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती तीन महिन्यांची चालतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची. सुकं खोबरं पण नेऊ नका, तेलकट असतं म्हणून पेट घेणाऱ्या मालात धरतात. प्रत्येक देशाचं वेगळं आहे बरं का, युरोपात दुधाचं आणि मटणाचं काहीच चालत नाही, दुबईकडे खसखस नेली तर थेट पोलीस केस, आणि आपल्या मसाल्यात खसखस असतेच. ज्या देशात जायचं तिथली यादी पोराकडून लिहून मागवा, आणि खायचं काही असलं तर कार्डावर हो लिहा, हो लिहिल्यानं दंड होत नाही, फार तर वस्तू ठेवून घेतात.

पण माझं खरं सांगणं जाणाऱ्यांपेक्षा मागे राहणाऱ्यांना आहे. कृपा करून जाणाऱ्याच्या हातात पार्सल देऊ नका. तुम्हाला वाटतं अर्धा किलो आहे, पण गल्लीतली सहा घरं अर्धा अर्धा किलो देतात आणि उचलतात ते साठीतले गुडघे. आणि द्यायचंच झालं तर उघडं द्या, समोर दाखवून द्या, आत काय आहे ते कागदावर लिहून द्या, आणि त्यानं नाही म्हटलं तर तोंड वाकडं करू नका. नाही म्हणणाऱ्यालाही मी सांगेन, मी तेव्हा भिडेपोटी गप्प बसले त्याची किंमत माझ्या गरोदर लेकीनं बाहेर उभं राहून मोजली.

तुमच्या पेपरला विनंती अशी की सुट्ट्यांच्या आधी एखाद्या रविवारी कोणत्या देशात काय चालत नाही ते मोठ्या अक्षरात छापा, आमच्या वयाच्या लोकांना फोनवर ते बारीक इंग्रजी वाचवत नाही. तिकीट काढून देणारे पण व्हिसाचं सगळं सांगतात, सामानाचं कोणी बोलत नाही, त्यांनीही हा कागद तिकिटासोबत द्यावा.

येत्या जानेवारीत नातीच्या जावळाला परत जायचं आहे. या वेळी दोघांत मिळून एकच बॅग, किराणा दुकानातल्या काट्यावर आत्ताच तोलून ठेवली, चौदा किलो भरली. वरच्या थरात बिबड्या.

आपली एक वाचक,
निवृत्त शिक्षिका, पाचोरा, जि. जळगाव