तेल सव्वीस तारखेलाच संपलं: अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

नाशिकहून मंत्र्याला पत्र आलं म्हणजे ते कांद्याचंच असणार, असं तुमच्या कार्यालयात पाकीट फोडणाऱ्यालाही वाटेल. हे पत्र तेलाचं आहे. कांदा मध्ये एकदा येईल, कारण माझं माहेर निफाड तालुक्यातलं आणि कांद्याला वगळून आमचं बोलणं पुरं होत नाही. पण भांडण आहे ते तेलाच्या पिशवीचं.

आम्ही सिडकोत राहतो. घरात पाच माणसं: मी, हे, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. हे अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मुलगा त्याच वसाहतीत कंत्राटावर आहे, सून घरून केकच्या ऑर्डरी घेते. किराण्याची वही माझ्याकडे. महिन्याला तेलाच्या चार पिशव्या हा आमचा ठरलेला हिशेब. दिवाळीत सहा, एरवी चार.

मध्यंतरी एका महिन्यात तेल सव्वीस तारखेलाच संपलं. सण नव्हता, पाहुणे नव्हते. मी सुनेला बोलले. "हात जरा आवरता ठेवत जा गं, तेल काय नळाला येतं का?" ती काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा सव्वीस, पुन्हा मी बोलले. या खेपेला तिने केकचा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि नवी कोरी पिशवी त्यावर ठेवली. "अहो आई, तेल मी नाही संपवलं. पिशवीच लहान आहे."

पिशवीवर ८०० ग्रॅम असं छापलेलंच होतं. अगदी खरं. फसवलं म्हणावं तर तसंही नाही. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि आजवर आमच्याकडे यायची ती पिशवी तेवढीच असायची. ही नवी पिशवी उंचीला तेवढीच, रुंदीला तेवढीच, हातात घेतली तर तशीच गुबगुबीत. दुकानदार म्हणाला होता, "काकू, ही बारा रुपयांनी स्वस्त आहे, नेऊन बघा." दीडशेची पिशवी सोडून मी १३८ ची घेतली आणि वहीत ६०० च्या जागी ५५२ लिहिले. तो महिना आपण ४८ रुपये वाचवले म्हणून मी खूश होते, हे कबूल करते.

मग सुनेने मोबाईलवर आकडेमोड केली. जुनी पिशवी किलोला १६५ रुपयांच्या आसपास पडत होती, नवी १७२ रुपये ५० पैसे. म्हणजे आमच्या घराला महिन्याला जेवढं तेल लागतं तेवढंच घेतलं तर स्वस्त पिशवीने मला २८ रुपयांना महाग पाडलं. वर सुनेला दोनदा बोलून झालं, त्याचा हिशेब वेगळाच.

२८ रुपयांसाठी मंत्र्याला पत्र? हेही असंच म्हणाले. म्हणून मी घर धुंडाळलं. माझी बटणं आणि सेफ्टी पिना ज्या जुन्या साबणाच्या खोक्यात आहेत त्यावर १२५ ग्रॅम लिहिलंय. न्हाणीघरातला आजचा साबण त्याच नावाचा, त्याच रंगाचा, १०० ग्रॅमचा. भांड्यांची वडी, शेवेचं पाकीट, नातवाची बिस्किटं, कुठल्याच गोष्टीचं वजन मला छातीठोकपणे सांगता येईना. आणि सगळ्यात लाज वाटली ती माझ्या वहीची. तीस वर्षं मी लिहितेय: तेल ४ पिशव्या, साबण ६ वड्या, चहा २ पुडे. पिशवी हे माप नव्हे, हे मला सुनेच्या काट्याने शिकवलं.

आता काटकसरीचं. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ती आम्हाला शिकवतात, म्हणून सांगते की ती आम्हाला येते. बुधवारचा बाजार गोदाकाठी भरतो. तिथे मी दिवे लागायच्या सुमाराला जाते, कारण विकणाऱ्या बाईला घरी परतायची घाई झाली की मेथीच्या दोन जुड्यांच्या भावात तीन मिळतात. तूर महागते तेव्हा वरणात निम्मी मसूर जाते, आणि हिंगाची फोडणी जरा सढळ दिली की कुणाच्या लक्षात येत नाही (यांच्या येतं). उन्हाळी कांद्याची गोणी मे महिन्यात घ्यायची, गॅलरीत पसरायची, दर रविवारी निवडायची, कोंब आलेले आधी वापरायचे. कोथिंबिरीचे देठ फेकायचे नाहीत, आमटीच्या वाटणात घालायचे. आठवड्यातून दोन रात्री पोळीऐवजी भाकरी. पेठ-हरसूलकडची नागली मिळाली तर नागलीची. शेंगदाण्याचा कूट भाजीत हाताने नाही, चमच्याने घालायचा.

हे सगळं जमतं ते माल सुटा असतो म्हणून. पाव किलो म्हणजे पाव किलो. दुकानदार बदला, गल्ली बदला, भद्रकालीत जा नाहीतर पाथर्डी फाट्यावर, पाव किलोचं पाव किलोच राहतं आणि भावाची तुलना तोंडी होते. (सुट्या डाळीवर जीएसटी नाही आणि पाकीटबंद डाळीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे, हे तर निराळंच. नीटनेटकेपणाचा दंड म्हणायचा.) तेलाचं मात्र तसं करता येत नाही. लहानपणी आम्ही किटली घेऊन तेल्याकडे जायचो. भेसळीमुळे सुटं तेल विकण्यावर बंदी आली आणि ती योग्यच आहे. पण मग तेलाला पिशवीशिवाय वाटच नाही, आणि पिशवी केवढी असावी हे आता कोणी ठरवत नाही.

पूर्वी ठरलेलं असायचं. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत एक अनुसूची होती: तेल, चहा, बिस्किटं, साबण, मीठ, डाळी अशा १९ प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनांतच बांधायच्या. २०२२ मध्ये ती अनुसूची काढून टाकली. कंपनीला हवं ते वजन बांधायची मोकळीक मिळाली, आणि त्या बदल्यात पाकिटावर एककाचा दर छापणं सक्तीचं झालं, म्हणजे गिऱ्हाइकाला तुलना करता यावी. कागदावर चोख आहे.

आता ती तुलना करून बघा, साहेब. नियम असा की वजन किलोच्या आत असेल तर दर ग्रॅममागे छापायचा, रुपयात, दोन दशांश स्थळांपर्यंत. माझ्या दोन पिशव्यांवर काय येतं? एकीवर ०.१६ रुपये, दुसरीवर ०.१७ रुपये. तेही शिवणीजवळ, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. तेल ग्रॅमवर कोणी घेतं का? आणि त्यातली मेख सुनेने दाखवली: किलोला १६६ रुपये पडणारं तेल आणि १७४ रुपये पडणारं तेल, दोन्हींवर ०.१७ असंच छापलं जाईल, कारण आकडा जवळच्या पुऱ्या पैशावर नेला जातो. आठ रुपयांचा फरक नियमानेच गिळला. मी चष्मा लावला काय आणि भिंग घेतलं काय!

माझ्या सासूबाई शेरात मोजायच्या. पायली, शेर, मापटं, चिपटं. त्या सांगायच्या की कच्चा शेर निराळा आणि पक्का निराळा, गावागणिक माप फिरायचं आणि परगावच्या बाजारात बाईमाणूस हमखास नाडलं जायचं. तो घोळ मिटावा म्हणूनच देशाने १९५६ मध्ये कायदा केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आणले. शेर गेले. आता पुन्हा प्रत्येक कंपनीचा आपला शेर आहे: एकीचा ८००, दुसरीचा ८५०, तिसरीचा ७५०. फक्त तो पिशवीत असतो, म्हणून जुन्या काळचा वाटत नाही.

तुम्ही म्हणाल महागाई तर उतरलीय. खोटं कशाला बोलू, डाळी आणि भाज्या उतरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एकूण किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आली. माझ्या वहीतही तूरडाळीचा आकडा खाली आलेला दिसतो. तेलाचा नाही. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झालं आणि दसऱ्यापर्यंत माझी पिशवी २० रुपयांनी चढली होती. पुढच्या मे महिन्यात शुल्क १० टक्क्यांवर आणलं. पिशवी काही त्याच वेगाने उतरली नाही.

त्या शुल्काबद्दल मात्र मी तक्रार करणार नाही. माझा भाऊ सोयाबीन आणि कांदा करतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा इथे बाजारात कांदा भराभर उतरला आणि मी पाच किलो घेऊन आले. त्या आठवड्यात माहेरी फोन करायची मला हिंमत झाली नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार गिऱ्हाईक कांद्यासाठी जो रुपया देतं त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात, टोमॅटोत ३३. तेव्हा स्वस्ताई भावाच्या ताटातून काढून माझ्या ताटात वाढा, असं मागणं मला जमायचं नाही. मला स्वस्त नकोच आहे. किती रुपयांना किती, एवढं मला धडपणे दिसू द्या.

रेशनचंही कोणी सुचवेल. आमचं कार्ड केशरी आहे, पण धान्याच्या यादीत आम्ही नाही. शहरात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार, म्हणजे महिन्याला ५ हजारसुद्धा नाहीत. सिडकोत एका खोलीचं भाडंही त्यात बसायचं नाही. ती मर्यादा बदलायलाच हवी, पण त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल आणि ते माझ्याआधी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींनी लिहावं.

तर मागणं असं. नियम दिल्लीचे आहेत हे मला ठाऊक आहे; पण ते पाळले जातात की नाही हे बघणारं वजनमापे खातं तुमचं आहे, आणि दिल्लीला महाराष्ट्राने लिहिलं तर ते सिडकोतल्या बाईच्या पत्रासारखं बाजूला पडणार नाही. एककाचा दर ग्रॅममागे नको, किलोमागे किंवा निदान १०० ग्रॅममागे छापा. पिशवी कितीचीही असो. तो किमतीच्या शेजारी आणि किमतीएवढ्याच अक्षरात असू द्या. आणि मराठीतही असू द्या, कारण नियमाने आज हिंदी किंवा इंग्रजी चालतं, मराठीची सक्ती नाही. तेल, चहा, साबण अशा रोजच्या चार-सहा वस्तूंची वजनं पूर्वीसारखी बांधून देता आली तर फारच बरं. नाहीच जमलं, तर एखाद्या वस्तूचं वजन घटवलं की सहा महिने पाकिटावर ठळक लिहायचं: आधी ९१०, आता ८००. किंमत वाढवायला लाज वाटते म्हणून वजन कमी करायचं असेल, तर निदान तेवढी लाज छापून दाखवा.

दिल्लीचं उत्तर येईपर्यंत एक काम तुम्हाला इथेच करता येईल. रेशन दुकानात भावफलक लावतात, तसा किराणा दुकानांत आणि मॉलमध्ये तेलाच्या कप्प्यापाशी किलोच्या दराचा फलक लावायला सांगा. आमचा दुकानदार तयार आहे, मी त्याला विचारलं. म्हणाला, "काकू, सगळ्यांनी लावला तर मी लावतो. एकट्याने लावला तर माझंच तेल महाग दिसेल." त्याचंही बरोबर आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, साबण, टूथपेस्ट यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पाच रुपयांचा पुडा पाचालाच राहणार, त्यात बिस्किटं वाढणार, असं ऐकलं. वाढली का? नातू पुडा उघडून मोजतो, आणि मग मोजलेली खाऊन टाकतो, त्यामुळे पुरावा राहत नाही. आता आम्ही पुडा आधी काट्यावर ठेवतो.

माझी वही मी या महिन्यापासून ग्रॅममध्ये लिहायला घेतली आहे. सून सांगते, मी लिहिते. तिची मी माफीही मागितली, ती म्हणाली, "जाऊ द्या आई, पण आता पुऱ्या करा." केल्या.

आपल्या उत्तराची वाट पाहते. महिन्याच्या सव्वीस तारखेच्या आत आलं तर बरं.

आपली,
एक गृहिणी,
सिडको, नाशिक

सोबत (मंत्रालयात टपालाने पाठवलेल्या प्रतीला जोडून): तेलाच्या दोन रिकाम्या पिशव्या, ९१० आणि ८०० ग्रॅमच्या. धुऊन वाळवल्या आहेत. कंपन्यांच्या नावांवर काळी शाई फिरवली आहे. वजन बोटाने झाकून दोन्ही शेजारी शेजारी धरा आणि मोठी कोणती ते सांगा.