वॉर्डात कॅमेरा नेण्याआधी

महोदय,

नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या बालरुग्णांसोबत व्हिडिओ करायला माध्यम अभ्यासक्रमाचे विद्यार्थी पुढे येत असतील, तर त्यांचे मनापासून स्वागत. मात्र रुग्णालयाच्या परवानगीवर भागत नाही. पालकांची लेखी संमती भरतीच्या गडबडीत नव्हे, चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी शांतपणे घ्यावी. व्हिडिओ कुठे दिसणार तेही त्यात असावे. मुलालाही विचारावे. त्याने तोंड फिरवले की कॅमेरा बंद.

सर्दी-खोकला असलेल्याने घरीच थांबावे. केमोथेरपी सुरू असलेल्या मुलांना साधा संसर्गही भारी पडतो. ट्रायपॉड, कॅमेरा 70 टक्के अल्कोहोलने पुसावा. माइकचा फोम नीट पुसला जात नाही, तो प्रत्येक मुलासाठी नवा घ्यावा.

खरा घोळ आवाजात होतो. कूलरची घरघर, सलाइन पंपाची पीप-पीप. पंपाचा किंवा मॉनिटरचा अलार्म कुणीही बंद करू नये. माइक मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. डॉक्टरांच्या राउंडची, इंजेक्शनची वेळ सिस्टरना विचारून ठेवावी. पलंगावरची पाटी, मनगटावरची पट्टी, केसपेपर फ्रेममध्ये आला की नाव उघड होते, हे जागेवरच तपासावे. आणि तयार व्हिडिओ आधी पालकांना दाखवावा.

– माध्यम प्रशिक्षक, नागपूर