काकू, पोरगी तशीच राहिली

ती. काकू,
शि. सा. न.

कादंबरी छापून आली. पहिली प्रत तुमच्या सूनबाईंकडे दिली आहे. गल्ल्यापाशी ठेवते म्हणाल्या. तेलाचे हात लागले तर लागू देत. तोंडी आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय मोडता, म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितेय.

कादंबरीतली सायली कुणालाच आवडत नव्हती. पंधरा वर्षांची, आईच्या भडंगाच्या दुकानातले पैसे उचलणारी, आजीच्या लुगड्याला लसणाचा वास येतो असं मैत्रिणींसमोर हसत सांगणारी. हस्तलिखित वाचलेल्या एका जाणकारांनी सुचवलं, हिचा बाप पुरात गेलेला दाखवा, वाचकांना कणव येईल. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, त्यामुळे सोय तयारच होती. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही लसूण ठेचत होता. मान वर न करता म्हणालात, "बाप कशाला मारतीस? बाप नसलेल्या पोरी काय चोऱ्या करत फिरत्यात? असंल ती आगाऊ. असू दे की."

बाप वाचला. पुरात सायली आता मामाकडे विश्रामबागला राहते आणि रोज खिचडीच का, म्हणून मामीशी भांडते. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ज्या गावात नाटक उभं केलं, ज्यांच्या खेळांत राक्षसपार्टी आरडाओरडा करत यायची, त्या गावात एका वाईट पोरीला माफीपत्र कशाला लागावं, हे मला तेव्हापासून कळेनासं झालंय.

पण खरी मदत पुढची. दिवाळीच्या ऑर्डरीचा माल सायली मुद्दाम बिघडवते, तो प्रसंग अडला होता. तिखट जास्त घालते असं मी म्हटलं, तर तुम्ही हसलात. "ते चव घेतली की कळतंय. आणि तिखट काय ती घालणार? ते गॅस बंद केल्यावर मी घालते, नाहीतर जळून सगळी गल्ली खोकंल." मग परातीतल्या जाड चुरमुऱ्यांवर फोडणी ओतली, शेंगदाणे तळाशी बसतात म्हणून दोन्ही हातांनी खालून वर घेत राहिलात, आणि मधेच अगदी शांतपणे सांगितलंत, "गरम असतानाच पिशव्या भरायच्या आणि तोंड बंद करायचं. आत वाफ धरती. रात्री पत्ता लागत नाही, सकाळी सगळा माल सादळलेला." पुस्तकातलं ते पान शब्दशः तुमचं आहे. तुम्हाला हे इतकं नेमकं कसं ठाऊक, ते मी विचारलं नाही. तुमच्या सासूबाईंना विचारायची सोय आता राहिली नाही.

त्यानंतर घरात काय होईल, तेही तुम्हीच सांगितलंत. मी रडारड, मोठं भांडण असं काहीबाही धरून बसले होते. तुमचं म्हणणं, आई बोलणारच नाही. भाकरी टाकील, ताट वाढील, शेंगदाण्याची चटणीही वाढील, फक्त त्या चटणीवर तेल घालणार नाही. ज्याचं त्यानं उठून घ्यावं. सायली उठत नाही, कोरडी चटणी तशीच खाते आणि आजी आपल्या ताटातलं तेल तिच्याकडे ओघळू देते. सॉरी ती शेवटपर्यंत म्हणत नाही.

परवा मिरजेहून नववीतल्या एका मुलीचा फोन आला. सायलीच्या थोबाडीत मारावीशी वाटते म्हणाली, आणि लगेच विचारलं, पुढचा भाग कधी?

तर पुढच्या भागात तिला काकाबरोबर मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला पाठवायचा विचार आहे. तिथं ती काय उद्योग करेल, ते तुम्हालाच माहीत असणार. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा येते. चहा मी करीन.

तुमची,
शेजारच्या वाड्यातली
सांगली