लसीकरणाबाबतचा निर्णय लेखी कळविण्याविषयी

पथकातील सर्व स्वयंसेवकांस,

२०२७ च्या सिंहस्थात रामकुंड परिसरात तातडीच्या मदतीला उभे राहणाऱ्या प्रत्येकाने ‘कावीळ ब’ची लस घेणार की नाही, हे येत्या रविवारी सकाळी १० वाजता पंचवटीतील आपल्या कार्यालयात होणाऱ्या बैठकीत लेखी द्यावे.

लस ऐच्छिक आहे; नकार देणाऱ्यास पथकातून वगळले जाणार नाही. तरीही ती घ्यावी, असे आम्हांला मनापासून वाटते, कारण या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो आणि स्ट्रेचरच्या पट्ट्यावर सुकलेल्या रक्ताच्या डागातूनही, बोटाला बारीकशी चीर असली तर, संसर्ग होऊ शकतो.

- मात्रा तीन आहेत: दुसरी महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. म्हणून निर्णय लांबवू नये.
- पूर्वी लसीची किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी झालेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे.

काहींनी देवीच्या लसीबद्दल विचारले आहे. देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्येच जाहीर झाले. शिवाय त्या काळच्या लसीत जिवंत विषाणू असल्याने इसब असलेल्यांना व गरोदर स्त्रियांना तिचा धोका असे. त्यामुळे ती आपल्या यादीत नाही.

बैठकीस येऊ न शकणाऱ्यांनी शनिवारपर्यंत चिठ्ठी पोहोचवावी.

— पथकप्रमुख