वेडेलियाची छाटण ओढ्यात टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रोडवर आमच्या घरामागच्या ओढ्यात सासूबाई माका वेचायला जात. बारीक पांढऱ्या फुलांचा, ओल धरून वाढणारा. त्याचा रस लोखंडी कढईत खोबरेलात आटवायच्या. परवा सुनेला तो माका दाखवायला नेले, तर शंभर पावलांत एक रोप सापडले नाही. काठ सगळा तकतकीत पानांनी आणि पिवळ्या फुलांनी झाकलेला. वेडेलिया!

ती तिथे आमच्याच घरातून गेली. सात वर्षांपूर्वी नर्सरीतून दहा रोपे आणून कुंपणाशी लावली. सोलापूरच्या उन्हात बारमाही हिरवे आणि फुललेले काही असावे, एवढीच हौस. दर दोन महिन्यांनी छाटायचो आणि घमेलेभर छाटण ओढ्यात टाकायचो. वाळून जाईल असे वाटायचे.

परवा एक वेल ओढून पाहिली. हातभर दांडीला सात पेरे, त्यांतल्या पाचांना मुळ्या फुटलेल्या! तिचे बी फारसे रुजत नाही, ती पसरते दांडीने. पेराचा तुकडा ओल्या मातीत पडला की झाले. तिचे मूळ घर मेक्सिको, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिका. बागेसाठी देशोदेशी नेली आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या यादीत ती आहे. तिच्या दाट गादीखाली ऊनच पोचत नाही, तिथे माका उगवणार कसा? शेजारच्या ताई तर तिलाच औषधी पिवळा माका समजून पाने नेत होत्या. तो आपला देशी, वेगळा. वेडेलियाच्या पानाला बहुधा तीन टोके असतात.

ओढ्याकाठी यंत्राने गवत कापतात तेव्हा हिचेही तुकडे होतात आणि पहिल्या पावसात खाली वाहून जातात. म्हणून ती कापू नये, मुळासकट उपटावी आणि ताडपत्रीवर पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवावी. एप्रिल-मेचे आपले ऊन त्याला पुरते. आम्ही घरची सगळी काढली, ओढ्यातली दहा फूट काढली. महिन्याने राहिलेल्या पेरांतून पुन्हा कोंब आले, तेही उपटले.

नर्सरीवाल्यांनी ती विकणे थांबवावे आणि सार्वजनिक बागांत नवी लावू नये, ही कळकळीची विनंती. निदान यंदाच्या पावसाआधी कोणीही तिची छाटण ओढ्यात टाकू नये.

– एक गृहिणी, होटगी रोड, सोलापूर