सायझरची सही मागणाऱ्या काकांना

आदरणीय काकांस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव चार लोकांत घेतलेले आपल्याला खपत नाही, हे ठाऊक असल्यामुळे ते येथे लिहीत नाही. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना, म्हणजे ताण्याच्या सुताला कांजी देणाऱ्यांना, हे पत्र कोणासाठी आहे ते दोन परिच्छेदांत कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांनी निदान अशी माणसे अजून कामावर आहेत एवढे जाणून घ्यावे.

सायझिंगचे मशीन मध्येच थांबणे म्हणजे काय, हे या धंद्याबाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय समजत नाही. ताण्याचे हजारो धागे एका वेळी गरम कांजीतून निघून वाफेच्या सिलिंडरांवर वाळत असतात. त्या साखळीतला एक ड्राइव्ह, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र, ट्रिप होऊन आपोआप बंद पडला की पुढचे सूत सिलिंडरवर करपते, मागचे कांजीत भिजत पडते आणि तेवढा तुकडा पुढे मागावर तुटत राहतो. कांजी दिलेल्या ताण्याच्या बीमची वाट पाहणारा यंत्रमागधारक अशा वेळी फोनवर जे बोलतो ते येथे लिहिण्यासारखे नाही. साइज बॉक्सच्या, म्हणजे कांजीच्या पेटीच्या, मोटरीचा आमचा ड्राइव्ह पावसाळ्यापासून ‘अर्थ फॉल्ट’, म्हणजे प्रवाह जमिनीत उतरत असल्याचा दोष, दाखवून बंद पडत होता. रिसेट केला की कधी चालायचा, कधी पुन्हा बसायचा.

आपल्याआधी जे आले त्यांच्याबद्दल थोडे बोलायलाच हवे. एका मोठ्या सेवा कंपनीचे इंजिनिअर साहेब भर दुपारी आले, मोटर तपासून ‘ओके’ म्हणाले, ड्राइव्हचे कार्ड बदलले आणि बिल ठेवून गेले. ट्रिप थांबली नाही तेव्हा दुसरे साहेब नव्या ड्राइव्हचे कोटेशन घेऊनच आले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा सगळा प्रकार. त्याचे पैसे गेले ते एक वेळ सोडून देतो. मात्र जाताना त्यांनी अहवालात ‘ऑपरेटरकडून चुकीची हाताळणी’ असे तीन शब्द लिहून ठेवले, ते सुटत नाहीत. मशीनवर अर्धे आयुष्य घालवलेल्या आमच्या फ्रंट सायझरकडे, म्हणजे ते मशीन चालवणाऱ्या कारागिराकडे, त्या दिवसापासून खात्यातली पोरेसुद्धा वेगळ्या नजरेने पाहू लागली होती, आणि तो गप्प गप्प राहू लागला होता.

आपण आलात, पॅनेल उघडले आणि रिसेटला हात न लावता आधी ड्राइव्हच्या स्मरणात साठलेल्या जुन्या ट्रिपा एकेक करून पाहिल्यात. प्रत्येक ट्रिपेच्या वेळची वारंवारिता, प्रवाह आणि डीसी बसचे, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्याचे, व्होल्टेज तेथे नोंदलेले असते, हे आम्हांला तोवर कोणी दाखवलेच नव्हते. बस व्होल्टेज दर वेळी ४१५ व्होल्टच्या सप्लायला असावे तसे, ५८० ते ५९०च्या घरात होते, म्हणजे सप्लायचा दोष नव्हता. आणि बहुतेक ट्रिपा मशीन उचलतानाच्या, अगदी कमी वेगाच्या होत्या. मग आपण मान वर करून सायझरला विचारलेत, “तुम्ही रोज इथं उभे असता. तुम्हाला काय वाटतं?”

तो आधी माझ्याकडे पाहू लागला. मग म्हणाला, “रात्री बॉक्स धुतला की दुसऱ्या दिवशी सकाळच्याला बसतंय बघा. दुपारी काय न्हाई.” हेच वाक्य तो आधीच्या दोन्ही साहेबांना सांगायला गेला होता, पण त्यांनी ते पुरते ऐकूनही घेतले नव्हते.

आपण त्या दिवशी आणखी काही न करता परत गेलात आणि धुणे झालेल्या रात्रीनंतर, मशीन गार असताना, पहाटेच हजर झालात. सप्लाय तोडल्यावरही कपॅसिटरमधला जीवघेणा चार्ज काही मिनिटे टिकतो, म्हणून आपण सगळ्यांना मागे सारून मीटरवर बसचे व्होल्टेज उतरेपर्यंत थांबलात. इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरच्या ५०० व्होल्टने ड्राइव्ह जाऊ नये म्हणून मोटरीच्या तिन्ही तारा ड्राइव्हपासून सोडवल्यात. आणि दुपारी ठणठणीत दिसणारी मोटर पहाटे एक मेगओहमसुद्धा दाखवत नाही, हे आम्हां सर्वांना डोळ्यांनी पाहायला लावलेत. टर्मिनल बॉक्स उघडला तेव्हा आतल्या पाटीवर कांजीचा पातळ, पिवळसर थर बसलेला होता. केबल वरून आत शिरत होती, ग्लँडचे, म्हणजे केबल आत शिरते त्या तोंडावरच्या बुचाचे, रबर कडक होऊन चिरले होते आणि धुण्याचे पाणी केबलच्या अंगाने थेट आत उतरत होते. तो थर ओला असला की प्रवाहाला जमिनीत उतरायला वाट मिळे, आणि मशीन तापून तो वाळला की सगळे ठीक दिसे. साफसफाई, नवा ग्लँड, केबलची वाट खालच्या बाजूने आणि ग्लँडच्या अलीकडे केबलला एक झोळ, एवढाच काय तो इलाज होता.

पण काका, हे पत्र त्या ग्लँडसाठी नाही. सर्व्हिस रिपोर्ट लिहिताना आपण ‘निरीक्षण’ या रकान्यात सायझरचे ते वाक्य त्याच्या हुद्द्यासकट, जसेच्या तसे उतरवलेत, खाली ‘हाताळणीत दोष नाही’ असे लिहिलेत आणि मी सहीसाठी हात पुढे केला तेव्हा पेन त्याच्या हातात दिलेत. “दोष यांनी पकडलाय, सही यांची आधी,” असे आपण अगदी सहज म्हणालात. त्याने दोनदा हात पुसले आणि सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. मी खाली सही केली. त्यानंतर खात्यात कोणी कोणाला काही सांगितले नाही, तरी दुपारच्या चहाला सगळे त्याच्याभोवती बसले होते.

कारागिरी पैशाने विकत मिळते, हे मी इतकी वर्षे मानत आलो आणि अजूनही बऱ्याच अंशी मानतो. पण ज्याच्यावर खापर फुटले आहे त्याला कागदावर मोकळे करण्याची आठवण राहणे, तेही कोणी सांगितलेले नसताना, हे कोणत्याही दरपत्रकात बसत नाही. मोठ्या हुद्द्यांच्या लोकांत मला ते क्वचित दिसले आहे.

आता एक तक्रार. आपल्या बिलात ग्लँड आणि केबलची किंमत आहे, पण मजुरीचा रकाना कोराच आहे. दोनदा फोन केला तर आपण हवापाण्याच्या गप्पा मारून विषय टाळलात. उरलेल्या मोटरींचे ग्लँडही आपल्याच हातून बदलून घ्यायचे आहेत, आणि या बिलाचा हिशेब पुरा झाल्याशिवाय ते काम सांगायला मला संकोच वाटतो. तेवढा रकाना भरून पाठवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक सायझिंगवाला, इचलकरंजी