कोकणातली खरेदी बाजारातच करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टीचा सीझन आला की कोकणात फिरायला आलेले पाहुणे शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत बीचवर असतात आणि मग धावतपळत सिंधुदुर्गातलं चिपी नाहीतर गोव्यातलं मोपा विमानतळ गाठतात, घरी न्यायला काहीच घेतलेलं नसतं, मग आत गेल्यावर जे दिसेल ते पाकीट उचलायचं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं.

काजूचंच घ्या. बाजारात दुकानदार 240 नंबर, 320 नंबर वेगळे काढून दाखवतो (240 म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर, नंबर कमी तेवढा काजू मोठा), सालीचा देऊ की सोललेला विचारतो, दोन दाणे हातावर ठेवतो, खाऊन बघा म्हणतो. माझ्या नणंदेने एका विमानतळावर काजू घेतले, पाकिटावर नंबर नाही, आत निम्मी तुकडी, आणि भाव आमच्या बाजारापेक्षा कितीतरी जास्त. कोकमाचंही तेच, सोलकढीला आगळ (कोकमाचा घट्ट रस) लागतं, ते खारं असतं, सरबताचं सिरप गोड, बाजारातली बाई आधी विचारते कशाला हवंय म्हणून.

आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी! चितारआळीत रंगवलेली लाकडी फळं, आंबा, केळी, सीताफळ, हातात घेऊन निवडता येतात. पण झाराप-पत्रादेवी हायवे गावाबाहेरून गेल्यापासून गाड्या परस्पर निघून जातात. ड्रायव्हर भावांनो, अर्धा तास आधी निघा आणि पाहुण्यांना गावात मोती तलावाकडे वळवा ना.

एक मान्य, बाटल्यांचं विमानतळावर सोपं पडतं, कारण इंटरनॅशनलला 100 मिलीच्या वरची बाटली हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत. पण नीट सील करून, कपड्यात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाकली की झालं.

ज्यांना वेळच नाही त्यांच्यासाठी विमानतळावरच आपल्या माणसांना जागा द्या. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर 2022 पासून 'अवसर' योजनेत बचत गटांना आळीपाळीने 15 दिवस स्टॉल मिळतो. चिपी एमआयडीसीचं, मोपा खाजगी कंपनी चालवते, तिथेही असंच करायला काय हरकत आहे? आमच्या बायका मालवणी खाजं, कोकम, कुळथाचं पीठ घेऊन बसायला तयार आहेत. पालकमंत्र्यांनी आणि खासदारांनी हा विषय लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सावंतवाडी